बाईकचं फ्युएल इंजेक्शन इंजिन कारमध्ये कसं बसवायचं? आणि ते बंद पडलं तर दोष कसा शोधायचा?

बाईकचं इंजिन काढायचं आणि स्वतः बनवलेल्या छोट्या कारमध्ये बसवायचं. व्हिडिओमध्ये हे काम दहा मिनिटांत होतं. आमच्या टीमला पाच महिने लागले. त्यातले शेवटचे अकरा दिवस तर एकाच प्रश्नावर गेले: इंजिन सुरू होतं, सहा-सात मिनिटं छान चालतं, मग आपोआप बंद का पडतं?

मी आज सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. कॉलेज पिंपरी-चिंचवडमध्ये झालं आणि तिथे मी स्टुडंट फॉर्म्युला टीममध्ये होतो. इंजिनचं वायरिंग आणि इलेक्ट्रॉनिक्स माझ्याकडे होतं. त्या पाच महिन्यांत जे शिकलो, ते या लेखात क्रमाने सांगतो. तुमच्याकडे किट कार नसली तरी शेवटचा भाग नक्की वाचा. तुमच्या रोजच्या बाईकलाही तो लागू पडतो.

किट कार म्हणजे काय?

सुटे भाग, चेसिस आणि दुसऱ्या गाडीचं इंजिन घेऊन स्वतः जोडलेली कार म्हणजे किट कार. यातली सगळ्यात गाजलेली गाडी म्हणजे १९५७ मध्ये आलेली ब्रिटनची लोटस सेव्हन. तिथे तयार कारवर खरेदी कर लागायचा, सुट्या भागांवर लागत नव्हता. म्हणून लोक भाग घरी आणून गाडी जोडायचे. आपल्याकडे महाराष्ट्रातल्या चिंकारा मोटर्सने त्याच धर्तीवर इसुझूचं १.८ लिटर इंजिन बसवून रोडस्टर बनवली होती.

पण भोसरी, आकुर्डी, निगडी, चाकण या पट्ट्यात हा प्रकार खरा कुठे बघायला मिळतो? इंजिनिअरिंग कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये. सुप्रा एसएईइंडिया आणि फॉर्म्युला भारत या स्पर्धांसाठी मुलं एका सीटची रेसिंग कार स्वतः बनवतात. इंजिन ७१० सीसीपर्यंतचं, फोर स्ट्रोक चालतं. त्यामुळे बहुतेक टीम बाईकचं इंजिन घेतात.

आमची पसंती केटीएम ३९० ड्यूकच्या इंजिनाला होती. ही बाईक २०१३ मध्ये भारतात आली आणि ती बनते आपल्या चाकणलाच, बजाजच्या कारखान्यात. जुन्या मॉडेलचं इंजिन ३७३.२ सीसी, एक सिलिंडर, चार व्हॉल्व्ह, लिक्विड कूलिंग, सहा गिअर आणि साधारण ४३ हॉर्सपॉवरचं आहे. वजनाला हलकं, ताकदीला भरपूर, आणि भाग गावातच मिळतात. आणखी काय पाहिजे?

फ्युएल इंजेक्शनमुळे काम अवघड का होतं?

कार्ब्युरेटरचं इंजिन कुठेही नेऊन ठेवा. पेट्रोल, हवा आणि प्लगला करंट मिळाला की ते चालतं. इंजेक्शनच्या इंजिनात पेट्रोल किती आणि कधी सोडायचं हे ईसीयू ठरवतो. ईसीयूला इंजिन दिसत नाही. त्याला दिसतात फक्त सेन्सरकडून येणारे व्होल्ट. सेन्सर चुकीचं बोलला तर ईसीयू चुकीचा निर्णय घेतो, तोही अगदी आत्मविश्वासाने.

१ एप्रिल २०२० पासून बीएस६ लागू झाल्यावर नव्या बाईकमध्ये कार्ब्युरेटर जवळपास संपलाच. म्हणजे यापुढे कुठलंही इंजिन उचललं तरी त्याच्यासोबत हे सेन्सरही उचलावे लागणार:

• क्रँक सेन्सर: इंजिन किती वेगाने फिरतंय आणि पिस्टन कुठे आहे ते सांगतो. हा नाही तर स्पार्कही नाही आणि पेट्रोलही नाही.
• थ्रॉटल पोझिशन सेन्सर: ॲक्सिलरेटर किती दाबलाय ते सांगतो. ५ व्होल्टवर चालतो. बंद असताना साधारण अर्धा व्होल्ट, पूर्ण उघडल्यावर ४ ते ४.५ व्होल्ट.
• एमएपी सेन्सर: थ्रॉटलच्या पुढे, इनटेकमधला हवेचा दाब मोजतो. यावरून इंजिनात किती हवा गेली हे कळतं.
• कूलंट तापमान सेन्सर: तापमान वाढलं की याचा रेझिस्टन्स कमी होतो. २० अंशांला साधारण अडीच किलोओहम, ८० अंशांला तीनशे-साडेतीनशे ओहम.
• ऑक्सिजन सेन्सर: धुरावरून पेट्रोल जास्त पडतंय की कमी ते सांगतो. ०.४५ व्होल्टच्या वर म्हणजे पेट्रोल जास्त, खाली म्हणजे कमी.

शिवाय बाईक पडली तर इंजिन बंद करणारा सेन्सर, साइड स्टँडचा स्विच, क्लच आणि न्यूट्रलचा स्विच. कारमध्ये साइड स्टँड नसतो, पण वायरिंगला ते माहीत नसतं! सेल्फ लागतच नसेल तर आधी हे स्विच तपासा.

इंजिन घेताना काय बघायचं?

अपघातात गेलेल्या बाईकचं इंजिन स्वस्त पडतं. पण नुसतं इंजिन घेऊ नका. ईसीयू, पूर्ण वायरिंग, थ्रॉटल बॉडी, इंजेक्टर, टाकीतला पंप, रेडिएटर, फॅन, रेग्युलेटर, सगळे कपलर आणि चावीचा सेट एकाच गाडीचा घ्या. वायर कापून दिलेला सेट अर्ध्या किमतीत मिळत असेल तरी घेऊ नका. नंतर एकेका कपलरसाठी गावभर फिरावं लागतं.

इंजिन नंबर आरसीशी जुळतो का बघा, बिल घ्या. चोरीच्या गाडीचं इंजिन निघालं तर स्पर्धा राहील बाजूला, पोलीस स्टेशनच्या चकरा सुरू होतील.

बसवताना कोणता क्रम ठेवायचा?

१. माउंटिंग. बाईकमध्ये ज्या बोल्टवर इंजिन टांगलेलं असतं, तेच पॉइंट वापरा. आधी पुढचं आणि मागचं स्प्रॉकेट एका रेषेत आणा आणि मगच ब्रॅकेटला वेल्डिंग करा. उलटं केलं तर चेन उतरत राहते. वेल्डिंगच्या आधी बॅटरीची वायर काढा आणि ईसीयूचे कपलर सोडवा.

२. हवा. स्पर्धेच्या नियमानुसार पेट्रोल इंजिनात सगळी हवा २० मिलिमीटरच्या भोकातून जावी लागते. याला रिस्ट्रिक्टर म्हणतात. या भोकातून सेकंदाला जास्तीत जास्त ७० ग्रॅमच्या आसपास हवा जाऊ शकते. आता हिशोब करा. ३७३ सीसीचं इंजिन ९,००० आरपीएमला सेकंदात ७५ वेळा हवा ओढतं. म्हणजे २८ लिटर, वजनात साधारण ३३ ग्रॅम. मग अडचण काय? अडचण अशी की एका सिलिंडरचं इंजिन चार स्ट्रोकपैकी एकाच स्ट्रोकमध्ये हवा ओढतं. त्या क्षणी वेग चौपट, म्हणजे १३० ग्रॅमच्या घरात जातो आणि भोक अपुरं पडतं. म्हणून रिस्ट्रिक्टर आणि इंजिनाच्या मध्ये हवेचा डबा लागतो. त्याला प्लेनम म्हणतात. पाणी दिवसभर थोडं थोडं येतं, पण सकाळी एकदम लागतं, म्हणून आपण गच्चीवर टाकी बसवतो. अगदी तसंच.

३. पेट्रोल. इंजेक्शनच्या लाइनमध्ये बहुतेक बाईकमध्ये ३ बारच्या आसपास दाब असतो. कार्ब्युरेटरचा साधा पाइप इथे अजिबात चालत नाही. हाय प्रेशर पाइप आणि योग्य क्लिपच वापरा. वळणावर पेट्रोल एका बाजूला जातं आणि पंप हवा ओढतो, म्हणून टाकीत आडवे पत्रे लावा. लाइन उघडण्याआधी पंपाचा फ्यूज काढा, इंजिन सुरू करून आपोआप बंद पडू द्या. दाब उतरतो. फायर एक्स्टिंग्विशर हाताशी हवाच.

४. कूलिंग. बाईकवर रेडिएटरला समोरून वारा लागतो. कारमध्ये तो बाजूला किंवा मागे जातो, म्हणून फॅनवर भार वाढतो. रेडिएटरची टोपी सर्किटमध्ये सगळ्यात वर ठेवा, नाहीतर आत हवा अडकते.

५. वायरिंग. सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात जास्त वेळ देऊन. प्रत्येक वायरला दोन्ही टोकांना लेबल लावा आणि कागदावर डायग्राम काढा. वायर वाढवली तर तीही लिहून ठेवा. हे मी केलं नव्हतं. त्याची किंमत पुढे सांगतो.

कंपनीचा ईसीयू ठेवायचा की प्रोग्रॅम करता येणारा लावायचा?

हवेचा मार्ग बदलला नसेल तर कंपनीचाच ईसीयू ठेवा. इंजिन लवकर सुरू होईल. पण रिस्ट्रिक्टर आणि प्लेनम लावला की पेट्रोलचं जुनं गणित जुळत नाही. तेव्हा प्रोग्रॅम करता येणारा ईसीयू लागतो. त्यात लॅपटॉप जोडून प्रत्येक आरपीएम आणि दाबासाठी पेट्रोल किती हे तक्त्यात भरता येतं, आणि चालू इंजिनाचा लॉग मिळतो. आम्ही हाच लावला होता.

एक गोष्ट लक्षात ठेवा. शुद्ध पेट्रोलला हवेचं योग्य प्रमाण १४.७ ला १ असतं. पंपावरच्या ई२० पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं, त्यामुळे ते साधारण साडेतेराला १ होतं. म्हणजे तेवढ्याच हवेला थोडं जास्त पेट्रोल लागतं. जुन्या व्हिडिओतला तक्ता जसाच्या तसा उचलू नका.

आमची गाडी का बंद पडत होती?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. स्पर्धा जानेवारीत, कोइंबतूरजवळच्या करी मोटर स्पीडवेला. डिसेंबरच्या सुरुवातीला गाडी पहिल्यांदा वीस मिनिटं सलग चालली. आम्ही पेढे वाटले. मग सगळं उतरवलं, चेसिसला पावडर कोटिंग करून घेतलं आणि पुन्हा जोडलं. त्यानंतर हा प्रकार सुरू झाला. थंड असताना एका झटक्यात सुरू. सहा-सात मिनिटांनी आयडलला धडधड, काळा धूर, बंद. थंड होऊ दिली की पुन्हा ठणठणीत.

गरम झाल्यावर बंद पडते, म्हणजे दोष उष्णतेचा. सगळ्यांनी हेच धरलं. कूलंट सेन्सर बदलला. प्लग बदलला, जुना काळा आणि ओला निघाला. पेट्रोल लाइनला फॉइल गुंडाळलं. पंप बदलला. सहा हजार रुपये गेले. पंप दुसऱ्या वर्षाच्या एका मुलाने बसवला होता. मी त्याला सगळ्यांसमोर बोललो की तू काम नीट केलं नाहीस. तो दोन दिवस वर्कशॉपला आला नाही.

शेवटी टीममधल्या एकाच्या ओळखीने भोसरीचे एक वायरमन काका आले. रिक्षा आणि टेम्पोचं वायरिंग करण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. त्यांनी लॅपटॉपकडे बघितलंसुद्धा नाही. गाडी सुरू करायला सांगितली, बंद पडू दिली आणि विचारलं, “पोरांनो, ही बंद पडते त्याच्या आधी नवीन काय चालू होतं?”

कोणीतरी म्हणालं, “काका, काही नाही. फक्त रेडिएटरचा फॅन.”

“मग ते ‘काही नाही’ कसं?”

फॅन ९२ अंशांला सुरू व्हायचा. मी लॉग पुन्हा उघडला. आतापर्यंत आम्ही फक्त तापमानाची ओळ बघत होतो, कारण आमच्या मते दोष तिथेच होता. आता एमएपीची ओळ बघितली. आयडलला ४२ किलोपास्कल. फॅन लागला त्याच क्षणी ५९! थ्रॉटल हललेला नाही, आरपीएम तेच. हवेचा दाब असा उडी मारून वाढत नाही. सेन्सर खोटं बोलत होता.

काकांनी मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवला. काळी पिन बॅटरीच्या मायनसला आणि लाल पिन एमएपी सेन्सरच्या अर्थच्या वायरला लावली. फॅन बंद: ०.०२ व्होल्ट. फॅन चालू: ०.७१ व्होल्ट. अर्थ म्हणजे शून्य असायला हवा. इथे शून्यच वर उचललं गेलं होतं.

झालं असं होतं. एमएपीची वायर प्लेनममुळे तोकडी पडत होती. वाढवताना मी तिची अर्थ ईसीयूपर्यंत न नेता जवळच्या चेसिसच्या बोल्टवर टाकली, फॅनच्या अर्थशेजारीच. चेसिस उघडं लोखंड होतं तोवर चाललं. पावडर कोटिंगनंतर बोल्टखाली रंगाचा थर आला आणि परतीच्या वाटेवर साधारण ०.१ ओहम अडथळा तयार झाला. फॅन ७ अँपिअर घेतो. ७ गुणिले ०.१ म्हणजे ०.७ व्होल्ट. आमच्या सेन्सरचा एक व्होल्ट म्हणजे जवळपास २५ किलोपास्कल, म्हणजे १७ किलोपास्कल फुकटचे वाढले. ईसीयूला वाटलं हवा ४० टक्के जास्त आली, त्याने पेट्रोलही तेवढंच वाढवलं. प्लग ओला झाला, इंजिन बंद.

म्हणूनच ॲक्सिलरेटर दाबून धरला की गाडी तग धरायची. दाब आधीच ९० च्या आसपास असेल तर १७ ची चूक तुलनेने लहान. हा पुरावा पहिल्या दिवसापासून समोर होता.

कानशीने रंग खरवडला, दातेरी वॉशर टाकला, इंजिनपासून बॅटरीपर्यंत जाड अर्थ केबल ओढली, फॅनची अर्थ थेट बॅटरीला नेली आणि एमएपीची अर्थ परत ईसीयूच्या सेन्सर अर्थला जोडली. दोन तासांचं काम. खर्च तीनशे रुपयेही नाही. त्या मुलाच्या घरी निगडीला जाऊन मी माफी मागितली. पंपात काहीच खोट नव्हती.

दोष शोधण्याचा क्रम

आता हेच सगळं तुमच्या कामाला येईल अशा क्रमाने. भाग बदलण्याआधी मोजा.

१. बॅटरी: इंजिन बंद असताना १२.४ व्होल्टच्या वर. सेल्फ मारताना १० च्या खाली जायला नको. इंजिन चालू असताना १४ च्या आसपास.

२. अर्थ: सेल्फ मारताना बॅटरीचा मायनस आणि इंजिन यांच्यात ०.२ व्होल्टपेक्षा जास्त फरक नको. सेन्सरच्या अर्थला तर जवळपास शून्यच हवा. सगळ्या वस्तू चालू करून मोजा. बंद गाडीत ओहम मोजून हा दोष सापडत नाही, कारण तेव्हा करंट वाहत नसतो.

३. सेल्फ लागतो, इंजिन सुरू होत नाही: चावी लावल्यावर पंपाचा दोन-तीन सेकंद आवाज येतो का? नसेल तर फ्यूज, रिले, बाईक पडल्याचा सेन्सर. आवाज येत असेल तर स्पार्क बघा. स्पार्क आणि इंजेक्टर दोन्ही गप्प असतील तर क्रँक सेन्सर, त्याचं अंतर आणि त्याच्या दोन वायर उलट लागल्यात का ते तपासा.

४. काळा धूर, ओला प्लग: पेट्रोल जास्त. एमएपी आणि कूलंट सेन्सरचे आकडे बघा. इंजिन गरम असताना लॉगमध्ये २० अंश दिसत असतील तर ईसीयू थंड इंजिन समजून पेट्रोल ओततोय.

५. फटफट आवाज, ॲक्सिलरेटर दिल्यावर अडखळणं: पेट्रोल कमी किंवा कुठूनतरी हवा आत शिरतेय. इनटेकचे जोड आणि पंपाचा दाब तपासा.

६. कधी चालते, कधी नाही: कपलर आणि क्रिम्पिंग. इंजिन चालू ठेवून वायरिंग हलक्या हाताने हलवत जा.

७. यातलं काहीच सापडलं नाही: दोन प्रश्न विचारा. शेवटचं बरोबर चालल्यानंतर आपण काय बदललं? आणि दोष दिसतो त्या क्षणी नवीन काय चालू होतं? आमच्या बाबतीत पहिल्याचं उत्तर रंग होतं आणि दुसऱ्याचं फॅन. रंगाने इंजिन बंद पडेल असं कोणालाच वाटलं नव्हतं.

अशी गाडी रस्त्यावर चालवता येते का?

नाही. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, कंपनीने ठरवलेल्या आणि आरसीमध्ये लिहिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा फेरफार मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्येही हेच स्पष्ट केलं. नवीन बनवलेल्या गाडीला तर आधी एआरएआयसारख्या संस्थेकडून मान्यता लागते. त्यामुळे हा उद्योग कॉलेजच्या आवारात आणि रेस ट्रॅकवरच. स्पाइन रोडवर ट्रायल घ्यायचा मोह आम्हालाही झाला होता. घेतली नाही, तेच बरं केलं.

पुढे काय झालं?

स्पर्धेत २२ किलोमीटरची एंड्युरन्स शर्यत असते. अर्ध्यात इंजिन बंद करायचं, ड्रायव्हर बदलायचा आणि तेच तापलेलं इंजिन पुन्हा सुरू करायचं. नाही झालं तर तुम्ही बाहेर. आमची गाडी थांबली तेव्हा फॅन जोरात फिरत होता. दुसऱ्या ड्रायव्हरने बेल्ट लावला, सेल्फ मारला आणि इंजिन पहिल्याच झटक्यात सुरू झालं.

आमचा नंबर सांगण्यासारखा आला नाही. पण २२ किलोमीटर पूर्ण झाले. पंप बसवणारा तो मुलगा पुढच्या वर्षी टीमचा कॅप्टन झाला, आणि वायरिंगच्या डायग्रामवर प्रत्येक अर्थ वेगळ्या रंगाने दाखवायचा नियम त्याने घातला.

आज ऑफिसमध्ये सर्व्हर बंद पडला आणि सगळे एकाच ग्राफकडे बोट दाखवायला लागले, की मी बाकीचे ग्राफ उघडतो. ही सवय भोसरीच्या काकांची.